झाकण काढून बघणारे मालक

मालक घरात आले की आधी त्यांचा हात झाकणावर जायचा आणि मग तोंडातून शब्द यायचा. "काय बाई, बरं हाय न्हवं?" असं विचारेपर्यंत माझ्या आमटीचं झाकण उचलून ते आत वाकलेले असायचे. पहिल्या दिवशी तर मी बघतच राहिले. नवं लग्न, नवं बिऱ्हाड. माझ्या सासूनंसुद्धा माझ्या पातेल्यात असं डोकावलं नव्हतं. माझ्या तोंडावर राग दिसला असणार, कारण ते शांतपणे म्हणाले, "रागवू नका. विश्वास हाय की. पण झाकण काढून बघितल्यावर."

सोलापुरात आम्ही त्यांच्या घरात भाड्यानं राहत होतो, सात रस्ता चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आमचे हे रेल्वेत गार्ड, मी कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमधली मुलगी. मालक लिंगायत, घरात पिढ्यान्‌पिढ्या मांस-अंड्याला स्पर्श नाही, आणि खोल्या देतानाच त्यांनी सांगितलं होतं, "हितं अंडंबी चालणार न्हाय." आम्ही बरं म्हणालो. आता नुसतं बरं म्हटल्यानं माणसाची जीभ बदलते का? रात्रपाळी करून नवरा घरी आला की मी मालक बाजारात गेलेले बघून दोन अंडी फोडायची, खिडक्या उघडायची, उदबत्ती लावायची आणि ती बारकी कढई झाकून स्टोव्हच्या मागे सरकवायची. मालक संध्याकाळी येऊन सगळी झाकणं उचलून बघायचे, फक्त स्टोव्हच्या मागं त्यांची नजर जायची नाही. मला माझ्या हुशारीचं भारी कौतुक वाटायचं.

मालकांचा धंदा भुसाराचा होता, ज्वारी-तुरीचा. पोत्यात खुपसून आतले दाणे बाहेर काढायची एक लोखंडी सळी असते, ती सतत त्यांच्या हातात. वरचे दाणे ते बघायचेच नाहीत. "वर सगळेच चांगलं ठेवत्यात," म्हणायचे, आणि सळी थेट पोत्याच्या बुडापर्यंत घालायचे. दुष्काळ सरून थोडेच दिवस झाले होते, रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी, मिलो, मिळायची, तिचा एकेक दाणा दातानं फोडून त्यांनी बघितला होता. गवळ्याला चरवी आधी पालथी करून दाखवावी लागायची आणि मग म्हैस त्यांच्यासमोर पिळावी लागायची. देवळात पुजारी तीर्थ द्यायचा तेव्हाही ते तळहातावरच्या पाण्याकडे क्षणभर बघून घ्यायचे. आमच्या ह्यांनी त्यांचं नाव संशयपिशाच ठेवलं होतं. मी म्हणायची, हळू बोला, भिंतीला कान असतात, आणि ही भिंत तर त्यांचीच आहे.

चहा पितानाही संशय. बशी तोंडाला लावली की मान डावीकडे कलायची, एक डोळा बारीक व्हायचा आणि ओठांच्या एका कोपऱ्यातून ते चहा ओढायचे. पाणी, ताक, सगळं तसंच. समोरच्याला वाटावं, आपण यात काही कालवलंय की काय. मी पहिल्यांदा चहा दिला तेव्हा घाबरून म्हणाले, "साखर जास्त झाली का?" तर ते म्हणाले, "बघतोय."

एका बाबतीत मात्र ते अगदी साधे होते. ताटात काही टाकायचे नाहीत. अन्न म्हणजे प्रसाद, त्याचा कण वाया जाऊ द्यायचा नाही, ही त्यांच्याकडची जुनी रीत. जेवून झालं की ताटात पाणी घालायचं, बोटानं फिरवून सगळं धुऊन घ्यायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. मला आधी कसंतरी व्हायचं, मग सवय झाली. त्यांची मुलगी नंदाही तसंच करायची. चहा आपल्यासारखा सरळ प्यायची, पण ताटातलं पाणी पिताना मान डावीकडे कलवून, डोळा बारीक करून. मला वाटायचं, यांच्यात रीतच तशी असेल.

नंदा एकुलती एक. चालायला लागायच्या आत तिची आई गेली. मालकांनी दुसरं लग्न केलं नाही. सावत्र आईचं झाकण काढून बघायची सोय नसते, असं ते एकदा म्हणाले होते. स्वतः भाकरी थापून त्यांनी पोरगी वाढवली, वेणी घालायलाही स्वतःच शिकवलं. म्हणून तिची वेणी कायम दोराला पीळ द्यावा तशी घट्ट. दुपारी मालक जेवायला घरी आले की ती दुकानात बसायची, आणि तिथंच बोटवाला तिला भेटला.

बोटवाला हे मालकांनी ठेवलेलं नाव. मुलगा त्यांच्याच जातीचा, करमाळ्याकडचा, पण लहानपणीच मुंबईला मामाकडे गेला आणि पुढे बोटीवर स्वयंपाकघरात लागला. चार देशांची बंदरं बघून परत आला आणि याला काय सुचावं, तर त्यानं सात रस्त्याजवळ एका दुकानाच्या माडीवर इटालियन हॉटेल काढलं. सोलापुरात, जिथं माणूस शेंगांच्या चटणीशिवाय दुसरा घास घेत नाही. पाटीवर त्याच्या बोटीच्या कुठल्याशा बंदराचं नाव होतं, ते लोकांना वाचता यायचं नाही. गिऱ्हाईक फारसं नव्हतं. पण रवा आणि गहू घ्यायला हा पठ्ठ्या मालकांच्या दुकानात रोज भर दुपारीच यायचा.

एके दिवशी नंदा माझ्याकडे शेंगा निवडायला बसली आणि शेंगा तशाच ठेवून म्हणाली, "वैनी, तुमी आमच्या अप्पांना सांगा की."

"काय सांगू?"

तिनं बोटवाल्याचं सांगितलं. अक्कलकोटकडचं एक स्थळ मालकांनी जवळजवळ पक्कं केलं होतं. त्या घराची कोठारं, गोठा, देवघर, सगळी झाकणं काढून झाली होती. फक्त मुलगा दारू पितो का एवढंच बघायचं राहिलं होतं. नंदा म्हणाली, "मला तितं न्हाय जायाचं. मला ह्यालाच करायचंय." रडली नाही. रडली असती तर मी समजूत काढून मोकळी झाले असते.

संध्याकाळी मालक आले, नेहमीप्रमाणे वरणाचं झाकण उचललं, आणि ते झाकण हातात असतानाच मी सगळं सांगून टाकलं.

"बोटीवर काय रांधायचा त्यो?" वरणाकडे बघतच त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत?"

"तितं मांस असणार. अंडी असणार. गळ्यात लिंग तरी ऱ्हायलंय का त्याच्या?" मग झाकण ठेवलं. "ज्याच्या घरात पोरगी जलमभर जेवणार, त्याच्या हातचं आदी मी जेवतो. तितं एक जरी गोष्ट वंगाळ निघाली, तर दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला होकार. तुमी दोघंबी या."

"आम्ही कशाला?"

"अंड्याचा वास मला कळत न्हाय. तुमाला कळंल की."

माझा हात जागच्या जागी थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. "रेल्वेची माणसं तुमी, बारा गावचं पाणी पिलेली," असं पुटपुटत ते निघून गेले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, ते मला त्या दिवशी कळलं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं निघालो. मालक डोक्याला पांढरा फेटा बांधून, नंदा हिरव्या इरकलीत, मागे आम्ही दोघं. माडीच्या जिन्यावरच मालक थांबले आणि खालीवर बघून म्हणाले, "जिना मागनंबी हाय का? दुसरा जिना असला की माणूस काय बी आणून ठेवतोय." मागं जिना नव्हता, हे त्यांना फारसं आवडलं नाही.

आत चार टेबलं, टेबलांवर सोलापुरी चादरी कापून अंथरलेल्या. मुलगा पांढरा कोट घालून उभा, रंग सावळा, कपाळावर विभूती. मालकांनी विभूतीकडे बघितलं. "आजच लावली?" "न्हाय काका, रोज लावतो." "बघू," म्हणाले आणि न विचारता सरळ त्याच्या स्वयंपाकघरात शिरले. आत झाकणं वाजू लागली. आम्ही बाहेर बसून त्या आवाजावरनं अंदाज घेत होतो. नंदा चादरीच्या दशा मोजल्यासारख्या बोटांनी ओढत होती. मालक बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"काही सापडलं?" ह्यांनी विचारलं.

"काय न्हाय. लई चकचकीत हाय. आपण येणार म्हणून आवरलंय."

"मग पाहुणे येणार म्हणून काय पसारा घालायचा?" हे म्हणाले. मी टेबलाखालनं ह्यांच्या पायावर पाय दिला.

मालकांनी मुलाला कोट काढून आमच्याबरोबरच जेवायला बसायला सांगितलं. गळ्यातली लिंगाची चांदीची पेटी दाखवायला लावली. ती होती. पण दोरा नवा होता. "दोरा नवा दिसतोय," मालक म्हणाले. मुलानं सांगितलं, समुद्राच्या खाऱ्या हवेत दोरे कुजतात, वर्षात दोनदा बदलायला लागतात. उत्तर बरोबर होतं, आणि इतकं बरोबर उत्तर ऐकून मालकांचा डोळा आणखी बारीक झाला. खरं सांगते, तोपर्यंत माझ्याही मनात पाल चुकचुकायला लागली होती. त्या माणसाजवळ बसलं की संशय अंगाला लागायचा.

मग जेवण आलं. आधी टोमॅटोचं पाणी, त्याला तो सूप म्हणाला. मालकांनी वाटी माझ्याकडे सरकवली, मी वास घेतला, मान हलवली, मग त्यांनी घेतलं. पाव आला तो इतका वाळलेला की ह्यांनी तो सूपमध्ये बुडवून ठेवला आणि विसरून गेले. आणि शेवटी ते पांढरं प्रकरण आलं, मॅकरोनी. काचेच्या भांड्यात, वरनं डब्यातल्या चीजचा करपलेला थर.

"ह्याचं झाकण काढ," मालक म्हणाले.

"झाकण नाय काका. ते तसंच खायाचं असतंय."

"न बघता?"

त्यांनी काटा उचलला. काटा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा धरला होता, पण धरला तो पोत्यातल्या सळीसारखा; थर फोडून थेट बुडापर्यंत खुपसला आणि खालची एक मॅकरोनी वर काढली. पिवळसर पाणी ठिबकलं. त्यांनी ती दिव्याजवळ धरली, एका टोकातनं आरपार बघितलं.

"पोकळ हाय."

"व्हय, तशीच असते."

"आतलं काय काढून घेतलं?"

"काय न्हवतंच आत, काका."

"मग पोकळ कशाला केली? पोकळ जागा काय तरी लपवायलाच ठेवत्यात." आणि ती मॅकरोनी माझ्या नाकासमोर आली. नंदा माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत सगळं घरदार मांडलेलं होतं. मी चांगला लांब श्वास घेऊन वास घेतला. अंडं नव्हतं. चवही नव्हती, पण ते मला विचारलं नव्हतं.

"अंडं नाही," मी म्हणाले.

"खरंच?"

"मला कळतं," मी म्हणाले, आणि बोलून झाल्यावर जीभ चावली. मालकांनी ती मॅकरोनी तोंडात टाकली.

मी पुढं पुष्कळ लग्नांत जेवले, करपलेले भात खाल्ले, पण तसं बेचव कधी तोंडात गेलं नाही. आत गार, वर कडक, मधे पिठाची कच्ची चव. ह्यांनी चार घास खाऊन काटा ठेवला. मीही ठेवला. मालकांनी आमच्या ताटांकडे एकदा बघितलं आणि मान खाली घालून स्वतःच्या ताटातलं संपवायला लागले. एकेक मॅकरोनी गिळत होते, औषधाच्या गोळीसारखी. मधे मुलानं आणखी वाढायला हात पुढे केला तर तळहात आडवा धरून म्हणाले, "बेड, बेड." नको म्हणायचं असलं आणि मनापासून नको असलं की त्यांची कानडी बाहेर यायची.

मुलालाही कळत होतं. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. बोटीवर असताना म्हणे साहेबलोक त्याच्या हातचं वाखाणायचे. इथं भट्टीही नीट नव्हती, मैदाही तसा नव्हता. ते सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ते मात्र मला आवडलं. मी मनात म्हटलं, गेलं. आता मालक घरी जाणार आणि उद्या अक्कलकोटला माणूस पाठवणार. नंदाचा चेहरा उतरला होता, पण ताटातलं सगळं तिनं निमूट खाल्लं.

मुलाचंही ताट रिकामं झालं. त्यानं तांब्या घेतला, ताटात पाणी ओतलं, बोटानं कडा पुसून घेतल्या. मग ताट उचललं, मान डावीकडे कलवली, एक डोळा बारीक केला आणि ओठांच्या कोपऱ्यातून ते पाणी पिऊन टाकलं.

नंदा खाली बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. मालक त्या मुलाकडे बघत होते, आणि मी त्यांना ओळखत असूनही त्या बघण्याचा मला अर्थ लागेना. पोत्यातनं काढलेले दाणे हातावर घेऊन ते असेच गप्प बघायचे. माल ठेवायचा की परत पाठवायचा हे त्यानंतर ठरायचं.

त्यांनी तांब्या पुढं ओढला. स्वतःचं ताट धुतलं, प्यायले, धोतराच्या सोग्याला हात पुसले.

"जेवण लई वाईट हाय," ते म्हणाले.

"व्हय, काका."

"लग्नाच्या पंगतीत हे असलं काय रांधायचं न्हाय."

मुलानं पुन्हा "व्हय, काका" म्हटलं आणि मग त्याला कळलं. नंदाला त्याच्या आधी कळलं होतं. ती तोंडाला पदर लावून उठली आणि त्या चकचकीत स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मालक जिना उतरताना ह्यांना म्हणाले, "दोरा मातुर नवा होता."

लग्न झालं. पंगतीला पुरणपोळी आणि कटाची आमटी होती. हॉटेल वर्षभरात बंद पडलं आणि त्याच माडीवर बोटवाल्यानं भाकरी-पिठल्याची खाणावळ काढली, ती मात्र चालली. भाकऱ्या थापायला मालक स्वतः जाऊन बायका निवडून आले, प्रत्येकीची पहिली भाकरी मोडून बघून. मी एकदा नंदाला हळूच विचारलं, "ते ताट धुऊन प्यायचं, तू शिकवलंस ना त्याला?" तर बाईसाहेब म्हणतात कशा, "त्यांच्याकडं रीतच हाय की वैनी." ताकास तूर लागू दिली नाही.

पुढं आमची कुर्डुवाडीला बदली झाली. सामान बांधत होते तेव्हा मालक आले. सगळी भांडी पोत्यात गेली होती, उचलायला झाकण नव्हतं, त्यामुळे त्यांना हाताचं काय करावं ते कळेना. मी उरलेल्या दुधाचा चहा केला. बशी तोंडाला लावून, मान कलवून ते दोन घोट प्यायले.

"बाई, एक विचारतो. त्या दिवशी बोटवाला ताटातलं पाणी कसं पिला, आठवतंय?"

"मान कलवून. तुमच्यात पितात तसं."

"आमच्यात कोण पितंय तसं? माझी उजवीकडची दाढ सडलीय. गार-गरम लागलं की कळ मस्तकात जाती. म्हणून मी वाकडा पितो, किती वर्सं झाली." त्यांनी बशी खाली ठेवली. "त्याचे दात धडधाकट हायेत की. पावाचा दगड फोडून खाल्ला त्यानं."

मला सगळं उलगडायला क्षणभर लागलं.

"म्हणजे नंदानं…"

"पोरीला आई न्हवती. तिनं मलाच बघितलं. माझं दुखणं तिनं रीत म्हणून उचललं, आन् त्याला तसंच शिकवून पाठवलं." धोतराच्या सोग्यानं त्यांनी डोळे पुसले, उघडपणे, लपवायचा प्रयत्न न करता. मलाही भरून आलं. इतकी वर्षं त्या माणसाकडे मी नुसती वैतागून बघत होते.

"मग तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, की हे सगळं पढवलेलं आहे. तरी हो म्हणालात?"

"पढवलं तसं वागला की त्यो. ती जशी म्हणाली तशी मान वाकडी केली, का म्हणून विचारलं न्हाय. पोरीचं ऐकणारा माणूस हाय. अजून काय बघायचं झाकण काढून?"

टांगा आला म्हणून ह्यांनी खालनं हाक मारली. मालक उठले, रिकाम्या खोलीत एकदा नजर फिरवली.

"म्हणजे मालक," मी म्हणाले, "एवढ्या आयुष्यात एक झाकण तुम्ही कळूनही उघडलं नाहीत."

ते उंबऱ्यात थांबले. माझ्याकडे नाही, माझा स्टोव्ह जिथं असायचा त्या काळ्या पडलेल्या कोपऱ्याकडे बघत होते.

"दोन," म्हणाले. "एक ते. आन् एक तुमच्या स्टोव्हमागच्या कढईचं."